वाचक विचारतात : गव्हाच्या कोंड्यातून एन्झाइम काढता येतं का?

प्रश्न : ताई, आमचा ऊस असतो, पाचट दरवर्षी पेटवून देतो आणि भावाच्या मिलचा गव्हाचा कोंडाही असतो. पोरगा एमएस्सी मायक्रो करतोय, तो म्हणतो यावर बॅक्टेरिया वाढवून एन्झाइम काढू आणि इचलकरंजीत कापड प्रोसेसवाल्यांना विकू. खरंच होतं का हे, की नुसत्या गप्पा?
– एक शेतकरी, शिरोळ

उत्तर : दादा, पोरगं बरोबर बोलतंय, पण अर्धंच. मागावर सूत तुटू नये म्हणून ताण्याला स्टार्चची खळ देतात ना, ती रंगवायच्या आधी काढावी लागते, आणि ते काम अमायलेज नावाचं एन्झाइम (म्हणजे जिवंत पेशींत बनणारं, रासायनिक क्रिया झटपट घडवणारं प्रथिन) करतं. बॅसिलस बॅक्टेरियापासून काढलेल्या अमायलेजचं पेटंट बोइदाँ आणि एफ्राँ या संशोधकांनी 1917 सालीच घेतलंय, म्हणजे आयडिया काही नवी नाही.

होतं असं की स्टार्चचा रेणू एवढा मोठा की बॅक्टेरियाला तो आत घेताच येत नाही, म्हणून तो एन्झाइम बाहेर सोडतो, बाहेरच स्टार्चचे तुकडे करतो आणि मग ती साखर आत ओढतो. आपण ते बाहेर सोडलेलं एन्झाइम पळवायचं, पेशी फोडत बसायची गरजच नाही. कोंडा ओला करून ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेच्या भांड्यात) 121 डिग्रीला निर्जंतुक करा, गार झाला की कल्चर (वाढवलेले जिवंत बॅक्टेरिया) घाला, 37 डिग्रीच्या आसपास एक-दोन दिवस ठेवा, मग पाण्यात कालवून गाळा, सेंट्रिफ्यूज करा (जोरात गरगर फिरवून गाळ खाली बसवा). स्टार्च घातलेल्या जेलीच्या प्लेटवर त्याचा थेंब ठेवून थोड्या वेळाने आयोडीन ओता, सगळं निळंकाळं होईल आणि जिथे स्टार्च खाल्लंय तिथे पांढरा गोल राहील.

पाचटाचं मात्र अवघड आहे. त्यात स्टार्च जवळपास नाही, सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज (झाडाचे चिवट धागे) आहे आणि तेही लिग्निन नावाच्या कडक पदार्थात अडकलेलं, त्यामुळे आधी अल्कली नाहीतर वाफ द्यावी लागते. त्यावर जंतू वाढवून झायलनेज (हेमिसेल्युलोज तोडणारं एन्झाइम) मिळतं, पेपर मिलला ते लागतं कारण लगदा पांढरा करताना क्लोरीन कमी वापरावं लागतं. पण सुरुवात कोंड्यानेच करा.

आता उरलेलं अर्धं. यात कच्चा माल हाच सगळ्यात स्वस्त भाग आहे (आणि कोंडा तरी कुठे कचरा, गुरांसाठी विकला जातोच की!). खरा खर्च दुसरे जंतू न घुसू देण्यात आणि प्रत्येक बॅच सारख्या ताकदीची काढण्यात. कोंड्याचा ढीग मोठा झाला की मधे तापतो, आणि बुरशीपेक्षा बॅक्टेरियाला पाणी जास्त लागतं, म्हणून कारखानेवाले बहुतेक द्रव टाक्यांतच वाढवतात. गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारणार एका मिलीला किती युनिट (म्हणजे एन्झाइमची ताकद किती), ते सांगता येत नसेल तर मशिनरीत एक रुपया घालू नका, आधी कॉलेजच्या लॅबमध्ये फ्लास्कवर करू दे त्याला.

आणखी एक, शेतातली माती घेऊन घरी काहीही वाढवू नका, अन्न विषारी करणारा बॅसिलस सेरियस त्यातच असतो. पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या) एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून ओळखीचं कल्चर घ्या. एन्झाइमची कोरडी पावडर तर अजिबात करायची नाही, 1960च्या दशकात डिटर्जंट कारखान्यांतल्या कामगारांना त्या धुळीनेच दमा झाला होता, तेव्हापासून त्याचे वरून लेप दिलेले दाणे करतात.

प्रश्न : मग दुकानात मिळतं ते पाचट कुजवायचं कल्चर म्हणजे हेच का?

उत्तर : नाही. त्यात जिवंत जंतू असतात, बऱ्याचदा ट्रायकोडर्मासारखी बुरशी, ते ढिगात वाढतात आणि एन्झाइम तिथेच सोडून तिथेच वापरतात. एन्झाइम स्वतः जिवंत नसतं, ते वाढत नाही. तुमच्या पाचटाला हे कल्चरच बरं, सरीत पसरा, ओल ठेवा, पेटवू मात्र नका.