कोपऱ्यातला नऊ इंची कॉलम आणि दोन दिशांचे बेंडिंग

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर येथे तळमजला आणि त्यावर दोन मजले अशा घराचे स्ट्रक्चरल डिझाइन मी करीत आहे. कोपऱ्यातला कॉलम २३० × ४५० मि.मी. धरून एसपी १६ या डिझाइन-पुस्तिकेतील आलेखांवरून दोन्ही दिशांची मोमेंट्स (कॉलम वाकवणारे परिणाम) वेगवेगळी तपासली आणि दोन्ही क्षमतेच्या आत आली. तरीही वरिष्ठांनी गणित परत पाठवले. घरमालकांना नऊ इंची भिंतीबाहेर आलेला कॉलम नको आहे. नेमके काय राहून गेले?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आपल्या गणितात दोन गोष्टी राहिल्या आहेत, आणि त्यांतली मापाची गोष्ट आधी मिटवावी लागेल. मजल्याची उंची ३ मीटर आणि बीम ४५० मि.मी. खोल धरल्यास कॉलमची मोकळी उंची २.५५ मीटर राहते. शिअर वॉल (आडवे बल पेलणारी काँक्रीटची भिंत) नसलेल्या चौकटीत परिणामी लांबी (वाकण्याच्या हिशेबात धरायची लांबी) तिच्या १.२ पट धरली, तरी ती ३.०६ मीटर होते. तिला २३० मि.मी.ने भागल्यास १३.३ येतात, आणि आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या संहितेप्रमाणे दोन्ही दिशांना हे गुणोत्तर १२ पेक्षा कमी असेल तरच कॉलम आखूड, म्हणजे सडपातळपणामुळे वाकण्याची भीती नसलेला, मानता येतो. म्हणजे आपण आखूड समजून तपासलेला कॉलम मुळात आखूडच नाही, आणि त्यात अतिरिक्त मोमेंट मिळवायला हवे होते. शिवाय आयएस १८९३ या भूकंपविषयक मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत बेळगाव तिसऱ्या भूकंपक्षेत्रात आहे. त्यामुळे भूकंपक्षेत्रातील काँक्रीट बांधकामाचे मानक आयएस १३९२० लागू होते आणि कॉलमची लहान बाजू किमान ३०० मि.मी. ठेवावी लागते. बीममधली सर्वांत जाड सळी १६ मि.मी.ची असेल, तर तिच्या वीसपट, म्हणजे ३२० मि.मी. लागतील. आपल्या भागात नऊ इंची कॉलमचा आग्रह घरोघरी असतो. तो भिंतीच्या सोयीचा आहे, हे मालकांना नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वीच सांगितलेले बरे.

आता मूळ मुद्दा. दोन्ही मोमेंट्स एकाच वेळी येतात, तेव्हा कॉलमचा एक कोपरा दोन्हींचा दाब एकत्र सोसतो. म्हणून संहितेने प्रत्येक दिशेच्या मोमेंटला त्या दिशेच्या एकट्या क्षमतेने भागून, त्या गुणोत्तरांचा ठरावीक घात घेऊन, बेरीज १ च्या आत ठेवायला सांगितले आहे. हा घातांक अक्षीय भार (कॉलमवर उभा येणारा भार) आणि कॉलमची निव्वळ अक्षीय क्षमता यांच्या गुणोत्तरावर ठरतो : ते ०.२ किंवा कमी असेल तर १, ०.८ किंवा अधिक असेल तर २, आणि मधल्या किमतींसाठी सरळ प्रमाणात.

बीमच्या सळ्या १२ मि.मी.च्या आहेत असे धरून कॉलम ३०० × ४५० मि.मी., काँक्रीट एम २५ प्रतीचे, सळई एफई ५०० प्रतीची आणि १६ मि.मी.च्या ८ सळ्या घेऊ. निव्वळ अक्षीय क्षमता सुमारे २१०४ किलोन्यूटन येते. भार ८४० असेल तर गुणोत्तर ०.४ आणि घातांक १.३३. मोमेंटची गुणोत्तरे ०.८ आणि ०.६ असली, तर आपल्या पद्धतीने दोन्ही पास होतात, पण घातांकासह बेरीज १.२५ येते आणि कॉलम नापास होतो. हीच गुणोत्तरे ०.६ आणि ०.५ असतील तर बेरीज ०.९० येते आणि तो चालतो.

इथेच थांबून चालणार नाही, कारण सर्वांत मोठा भार हीच सर्वांत वाईट स्थिती असते हा समज कोपऱ्यातल्या कॉलमला बहुधा लागू पडत नाही. ०.९ पट स्थिर भार आणि १.५ पट भूकंप या जोडीत भार ४०० वर उतरला, तर घातांक १ होतो, आणि ०.६ व ०.५ हीच गुणोत्तरे सरळ बेरजेने १.१ होऊन मर्यादा ओलांडतात. प्रत्यक्षात ही गुणोत्तरेही बदलतात, कारण ताणातील सळी आधी यील्ड होते (कायमची ताणली जाऊ लागते) त्या टप्प्यात भार घटला की मोमेंटची क्षमताही घटते. म्हणून प्रत्येक भारजोडीसाठी क्षमता नव्याने काढावी. वरच्या मजल्यावर भार कमी म्हणून सळ्या कमी करण्याची घाईही याच कारणाने करू नये.

आलेख निवडताना कॉलमच्या कडेपासून सळीच्या मध्यापर्यंतचे अंतर पाहावे : ४० मि.मी. कव्हर (सळ्यांवरचा काँक्रीटचा थर), ८ मि.मी.ची रिंग आणि अर्धी सळी मिळून ५६ मि.मी. होतात, ४५० ला भागून ०.१२ आणि ३०० ला भागून ०.१९ येतात. त्यामुळे एका दिशेला ०.१५ चा आणि दुसऱ्या दिशेला ०.२० चा आलेख घ्यावा, आणि दुसऱ्या दिशेची क्षमता काढताना रुंदी व खोली यांची अदलाबदल करावी.