3 मिमी जाडीच्या रबर गॅस्केटची हार्डनेस आमच्याकडे 66 येते, ग्राहकाकडे 72. खरं रीडिंग कुणाचं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: नायट्राइलचं (तेलाला टिकणारं रबर) गॅस्केट आहे, जाडी 3 मिमी, ड्रॉइंगवर 65±5 शोअर ए (हार्डनेसची मोजपट्टी, आकडा जास्त तितकं रबर कडक). तुम्ही त्याच बॅचच्या 6 मिमी स्लॅबवर (चाचणीसाठी बनवलेल्या सपाट तुकड्यावर) मोजता, तिथे 66 येतं. ग्राहकाचा इन्स्पेक्टर गॅस्केटच सरफेस प्लेटवर ठेवून मोजतो, त्याला 72 येतं आणि लॉट परत येतो. आता कंपाउंडमध्ये तेल वाढवून हार्डनेस उतरवावी का, असं तुम्ही विचारलंय.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. कंपाउंडला हात लावू नका. तेल वाढवलंत तर रीडिंग खाली येईल, पण मालाची ताकद उतरेल आणि पुढे इंधनाच्या किंवा ऑइलच्या संपर्कात ते तेल बाहेर निघून गॅस्केट आकसेल. चांगल्या रबराची रेसिपी मोजण्याच्या चुकीसाठी बिघडवायची नाही. भोसरीत रबर मोल्डिंगच्या क्वालिटीत मी बरीच वर्षं काढली आहेत आणि हे होताना डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याही एका ग्राहकाने असाच लॉट परत पाठवला होता. घाईत पुढची बॅच नरम केली गेली, आणि ती स्लॅबवर 59 भरली. म्हणजे चांगला माल परत आला होता आणि खराब माल आम्ही स्वतः बनवला.

72 का येतं ते बघा. शोअर ए ड्युरोमीटरचं, म्हणजे हार्डनेस मोजायच्या मीटरचं, टोक 2.5 मिमी बाहेर असतं आणि प्रत्येक पॉइंटला ते 0.025 मिमी आत-बाहेर होतं. 66 रीडिंग म्हणजे 100 ला 34 पॉइंट कमी, म्हणजेच टोक रबरात 0.85 मिमी रुतलेलं आहे. 3 मिमी जाडीत 0.85 म्हणजे पाव भागाहून जास्त. खालचं ग्रॅनाइट किंवा लोखंड टोकाला जाणवायला लागतं, रबराला खाली सरकायला जागा उरत नाही, आणि सुई वर चढते. त्या रीडिंगमध्ये थोडं रबर आहे आणि थोडं टेबल आहे. म्हणून तर कमीत कमी 6 मिमी जाडी मागितली जाते. पातळ माल असेल तर आयएसओ 48-4 या हार्डनेस चाचणीच्या स्टँडर्डमध्ये एकावर एक जास्तीत जास्त तीन थर चालतात. तुमची दोन गॅस्केटं एकमेकांवर ठेवली की 6 मिमी होतात. मात्र मध्ये हवा, फ्लॅश (मोल्डिंगमध्ये कडेला आलेलं जादा रबर) किंवा टाल्कम पावडर राहता कामा नये.

आज जेवणाच्या सुट्टीत एवढं करून बघा. एकच गॅस्केट सरफेस प्लेटवर ठेवा, रीडिंग घ्या. मग त्याच्याखाली दुसरं ठेवा, त्याच जागी पुन्हा घ्या. फरक तुमच्या समोर येईल, आणि हाच प्रयोग ग्राहकाच्या इन्स्पेक्टरसमोर केलात तर अर्धं भांडण तिथेच मिटेल.

गॅस्केटची पट्टी अरुंद असेल तर आणखी एक अडचण आहे. टोक कडेपासून 12 मिमी आत हवं. 10 मिमी रुंदीच्या पट्टीवर ते शक्यच नाही, आणि कडेला रबर बाहेर फुगतं म्हणून तिथे रीडिंग कमी मिळतं. अशा मालाला मायक्रो आयआरएचडी (बारीक मालाची हार्डनेस मोजायचं वेगळं यंत्र) हेच योग्य. त्यात 0.395 मिमी व्यासाची बारीक गोळी अगदी कमी वजनाने रुतते आणि 2 मिमी जाडी पुरते. ओ-रिंगवाले तेच वापरतात. यंत्र महाग आहे, पण बाहेरच्या लॅबकडून तपासून घेता येतं.

दुसरी गोष्ट वेळ. रबर टोकाखाली हळूहळू सरकत राहतं. ड्युरोमीटर टेकवल्याक्षणी 68 दिसतं, तीन मोजेपर्यंत 66, आणि तसंच धरून ठेवलं तर आणखी उतरतं. एएसटीएम डी 2240 या अमेरिकन स्टँडर्डमध्ये साधारण एका सेकंदाचं रीडिंग धरतात, आयएसओ 48-4 मध्ये व्हल्कनाइज्ड (तापवून पक्क्या केलेल्या) रबरासाठी 3 सेकंदांचं. तुमचा माणूस तीन सेकंद थांबत असेल आणि त्यांचा माणूस लगेच वाचत असेल, तर तेवढ्यानेही दोन पॉइंट इकडे-तिकडे होतात. हाताचा जोरही प्रत्येकाचा वेगळा, म्हणून 1 किलो वजनाचा स्टँड घ्याच. आणि प्रेसमधून काढलेला गरम माल मोजू नका. गरम रबर नरम लागतं. क्युअरिंगनंतर, म्हणजे रबर प्रेसमध्ये पक्कं झाल्यावर, किमान 16 तास जाऊ द्या.

तुमचा ड्युरोमीटरही तपासा. काचेवर दाबून 100 आला म्हणजे मीटर बरोबर, असं सगळीकडे समजतात. त्यातून फक्त टोकाची लांबी कळते, स्प्रिंगबद्दल काहीच कळत नाही. स्प्रिंग ढिली झाली की टोक कमी रुततं आणि रीडिंग उलट वाढतं. वजनकाट्यावर फक्त टोक टेकवा, मीटरचा तळ टेकू देऊ नका, आणि सुई 60 वर येईपर्यंत हळूच दाबा. काट्यावर साधारण 515 ग्रॅम दिसायला हवेत. 450 दिसले तर मीटर कॅलिब्रेशनला पाठवा, त्याचं कुठलंच रीडिंग धरू नका.

आता ग्राहकाला मेल लिहा. त्यात 66 की 72 हा वाद घालू नका. ड्रॉइंगवर 65±5 च्या पुढे इतकं लिहून मागा: मोजमाप स्लॅबवर की मालावर, जाडी किती, कुठलं स्टँडर्ड, किती सेकंद, आणि एकमेकांपासून 6 मिमी अंतरावर घेतलेल्या पाच रीडिंगमधलं मधलं धरायचं की नाही. सोबत त्या बॅचचा 6 मिमी स्लॅब पाठवा. त्यांचा इन्स्पेक्टर त्याच्या मीटरने तो मोजू दे. तिथेही 72 आलं तर मला कॉमेंटमध्ये कळवा, मग क्युअरिंगचा वेळ आणि मिक्सिंग बघू.