वाफेची इंजिनं गेल्यावर छोट्या लाईनच्या गाड्यांचे फोटो काढण्यात काय राहिलंय?

तुम्ही विचारलंय की धूर नाही, वाफ नाही, मग नॅरोगेजच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या छोट्या लाईनच्या, डिझेल गाडीत नाहीतर रेल मोटरमध्ये (रुळावर चालणारी बसच म्हणा) फोटो काढण्यासारखं काय उरलं. मी जळगावकडचा, पाचोरा-जामनेर म्हणजे आमची पीजे, ५६ किलोमीटरची लाईन, लहानपणापासून बघितलेली. माझ्या मते भरपूर उरलंय, फक्त इंजिनावरची नजर जरा बाजूला न्यावी लागते.

वाफेचं इंजिन असलं की सगळा फोटो तेच खाऊन टाकायचं. डिझेल आलं आणि आजूबाजूचं दिसायला लागलं. पीजेवर फाटकाच्या अलीकडे गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, मग तो फाटक उघडून धावत येऊन मागच्या डब्यात चढायचा आणि तोपर्यंत दोन्हीकडे मोटारसायकलवाले, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एखादी बाई, सगळे शांतपणे उभे. माझा सगळ्यात आवडता फोटो हाच आहे, त्यात इंजिन अर्धंच आलंय, पण त्या माणसाचा फाटकावरचा हात आणि बाकीच्यांची तोंडं स्पष्ट आहेत.

उजेडाचं म्हणाल तर पाचोऱ्याहून जामनेर पूर्वेकडे, म्हणजे सकाळी जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन आणि संध्याकाळी परतणाऱ्या गाडीच्याही तोंडावर ऊन असायचं. कुठल्याही लाईनवर जायच्या आधी नकाशात दिशा बघा, निम्मं काम तिथेच होतं. गाडी हळू असते त्यामुळे १/२५० सेकंदाचं शटर पुरतं. शेवटच्या स्टेशनवर इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं, ती दहा-पंधरा मिनिटं चहात घालवू नका, तेव्हा स्टाफ मोकळा असतो, विचारून काढा, लोक छान उभे राहतात. रुळात मात्र उतरायचं नाही.

रेल मोटर बघायची तर कालका-शिमला. जुन्या बससारखा एकच छोटा डबा, पुढे बॉनेट, जेमतेम पंधराएक माणसं बसतात आणि पुढच्या काचेतून अख्खी लाईन अंगावर येते. लेन्स काचेला अगदी टेकवून धरा, नाहीतर स्वतःचाच शर्ट फोटोत येतो. बोगदा संपताना जे उजेडाचं भोक मोठं होत जातं ते आधी साध्या डोळ्यांनी एकदा बघून घ्या, मग पुढच्या बोगद्याला कॅमेरा उचला, १०० च्या वर बोगदे आहेत, घाई नाही.

आणि लवकर जा हो. विदर्भातल्या शकुंतलेवर, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या छोट्या लाईनच्या गाडीवर, १९९४ ला वाफेचं इंजिन गेलं तेव्हा बऱ्याच जणांनी कॅमेरे आत ठेवले आणि पुढची वीसेक वर्षं डिझेलवर धावलेल्या त्या गाडीचे फोटो त्यामानाने फार कमी दिसतात. पीजे मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनला थांबली ती परत धावलीच नाही, आता तिथे ब्रॉडगेज, म्हणजे मोठी लाईन होणार. डब्याच्या आतले, बाकांवर बसलेल्या माणसांचे फोटो माझ्याकडे फक्त दोन आहेत, दोन्ही पीजेवरच्या शेंदुर्णी स्टेशनला गाडी उभी असताना काढलेले.