मिलिमीटर सगळ्यात शेवटी

प्रश्न : दादा, मी केज तालुक्यातला, बी.एस्सी.ला आहे. हवामानाचे नकाशे बघायचा नाद लागलाय. परवा विंडी या हवामानाच्या ॲपवर एकाच दिवसासाठी एका मॉडेलनं आमच्या गावाला ८४ मिमी पाऊस दाखवला, दुसऱ्यानं ९. घरी सोयाबीनची गंजी लावलेली. खरं कुणाचं धरायचं? आणि विंडीशिवाय हे नकाशे अजून कुठं मिळतात?
– एक वाचक, ता. केज, जि. बीड

उत्तर : भाऊ, दोन्हीपैकी एकही आकडा धरू नका. मॉडेल उघडलं की आधी वारा बघायचा, मग कमी दाब कुठं बसलाय ते, मग हवेतली ओल. मिलिमीटर सगळ्यात शेवटी. लातूरच्या मार्केट यार्डात माझं अडतीचं दुकान आहे. ऑक्टोबरात उघड्यावर सोयाबीनचे ढीग पडलेले असतात. तेव्हा आकडा बघणाऱ्याची ताडपत्री एका वेळी निघते आणि वारा बघणाऱ्याची दुसऱ्याच वेळी.

आकडा का फसवा ते सांगतो. मॉडेल म्हणजे पुढची हवा काढणारा संगणकी हिशेब, तो हवेचे चौकोन पाडून होतो. युरोपियन हवामान केंद्राच्या मॉडेलचा चौकोन साधारण ९ किमीचा, अमेरिकेच्या जीएफएसचा १३ किमीच्या आसपास. ९ किमीचा चौकोन म्हणजे ८१ चौरस किमी. त्यात तुमच्याकडची बरीच गावं येतात आणि सगळ्यांना मिळून आकडा एकच. आपल्याकडचा दुपारचा गडगडाटी ढग दोन-चार किमी रुंद. एवढा ढग या जाळीला पकडता येत नाही. मग चौकोनातली एकूण ओल, तापमान, वर चढणारी हवा बघून मॉडेल सूत्रानं पाऊस ठरवतं. प्रत्येक मॉडेलचं सूत्र वेगळं, म्हणून हवा तीच असून एक ८४ सांगतं, दुसरं ९. शिवारात तर बांधाच्या अलीकडं चिखल आणि पलीकडं फुफाटा असतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

आता वारा. विंडीत उंचीची पट्टी असते, ती १५०० मीटरवर न्या. हवेच्या दाबाच्या मापात यालाच ८५० हेक्टोपास्कलची पातळी म्हणतात. जुलैत या उंचीवर अरबी समुद्रावरून जोरदार पश्चिमेचा वारा दिसतो आणि माणूस खूश होतो. उलट अशा दिवशी आपल्याकडं बहुतेक वेळा भुरभुरच असते. वारा सह्याद्रीवर चढताना ओल कोकणात आणि घाटात सांडतो आणि आपल्या बाजूला उतरताना कोरडा होत येतो. दिवसभर ढग नुसते पळत राहतात, जमीन काही भिजत नाही.

आपला मोठा पाऊस बहुतेक वेळा पूर्वेकडून येतो. बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र ओडिशा, छत्तीसगड करत विदर्भाकडं सरकतं. पावसाळ्यात अशा क्षेत्राच्या नैर्ऋत्येला पाऊस जास्त असतो, आणि ते विदर्भावर आलं की नैर्ऋत्येला कोण? आपणच. ते आणखी खालून, तेलंगणावरून आलं तर १५०० मीटरवरचा वारा आपल्याकडं पूर्वेचा होतो. सप्टेंबरात नकाशावर नांदेड-लातूरकडं बाणांची तोंडं पश्चिमेला वळलेली दिसली की मी हमालांना मोकळ्या जागेत माल ओतू देत नाही. मग आकडा १५ असो की ५०. २०२५च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूरची काय गत झाली ती सगळ्यांनीच पाहिली.

म्हणजे तुमच्या ८४ आणि ९चं असं करायचं. दोन्ही मॉडेलांत कमी दाबाची जागा बघा. दोन्हीत ते एकाच ठिकाणी असेल तर पाऊस येणार हे धरून चाला. किती, ते मॉडेलला नीट कळत नाही एवढंच, गंजी झाका. पण एक ते नागपूरवर दाखवतंय आणि दुसरं हैदराबादवर, तर त्या दिवसाचा अंदाज अजून पिकलेलाच नाही. पुढच्या रनची वाट बघा.

रन म्हणजे मॉडेलची एक फेरी. जीएफएसच्या दिवसाला चार होतात. नकाशावर शून्य यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलेलं असतं तेव्हा आपल्याकडं पहाटेचे साडेपाच. हिशेब व्हायला वेळ लागतो, त्यामुळं तो रन जीएफएसचा सकाळी उशिरा आणि युरोपियन दुपारपर्यंत हाती येतो. सकाळी सातला जे बघता ते आदल्या रात्रीचं शिळं. ओळीनं तीन-चार रन एकच गोष्ट सांगत असतील तर वजन द्या. रोज उडी मारत असतील तर सोडून द्या.

अजून एक गोम. हवामान विभागाचा २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात, ॲपवाले बहुधा रात्री बारा ते बारा. रात्री झोडपलं की दोघांच्या तारखा जुळत नाहीत आणि लोक मॉडेलला शिव्या देतात.

नकाशे कुठं? भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर मॉडेलांचे नकाशे फुकट आहेत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टिम ही मॉडेलप्रणाली मे २०२५मध्ये सुरू झाली, तिचा चौकोन ६ किमीचा. युरोपियन केंद्राच्या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून मेटिओग्राम, म्हणजे त्या एका गावाचा पुढच्या दिवसांचा आलेख, काढता येतो, तो जरूर काढा. त्यामागं सुरुवातीची हवा थोडी थोडी बदलून केलेले ५१ अंदाज असतात. आलेखातली या अंदाजांची पट्टी अरुंद असेल तर सगळ्यांचं एकमत, ढांगभर पसरली असेल तर तिथं कुणालाच काही माहीत नाही. माझ्या मते शिकाऊ माणसाला याच्यासारखा दुसरा गुरू नाही. जीएफएस खोलात बघायचं तर ट्रॉपिकल टिडबिट्स हे संकेतस्थळ. जीएफएस १६ दिवस पुढचं दाखवतं, पण दहाव्या दिवसापुढं उपसागरात चक्रीवादळं उठवायची त्याला भारी हौस. व्हॉट्सॲपवर फिरणारी ‘महाभयंकर’ चित्रं बरीचशी तिथूनच उचललेली असतात. पुढच्या दोन-तीन तासांसाठी तर मॉडेल बंदच करा आणि उपग्रहाचं चित्र, रडार बघा. रडार लांबचं असेल तर जपून. २०० किमीवर त्याचा किरण जमिनीपासून चारेक किमी वर गेलेला असतो, खालचा पाऊस त्याला दिसत नाही.

प्रश्न : गारपिटीचा अंदाज मॉडेलात कुठं दिसतो? आमची द्राक्षबाग आहे.
– एक वाचक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : जगभराच्या मॉडेलांत गारांचा भरवशाचा नकाशा नसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन गोष्टी एकत्र येतात का ते बघा : खाली १५०० मीटरवर पूर्वेचा किंवा आग्नेयेचा ओला वारा, वर ५५०० मीटरवर पश्चिमेचा जोरदार थंड वारा आणि विंडीतल्या केप नावाच्या नकाशात (ढग उंच चढवायला हवेत किती जोर साठलाय ते तो दाखवतो) दुपारी वाढलेला आकडा. नुसत्या केपवर जाऊ नका, मे महिन्यात तो वाढलेला असूनही बऱ्याचदा नुसतं गरम होऊन दिवस मावळतो. शून्य अंशाची पातळी खाली आलेली असेल तर गार वितळायला वाव कमी. २०१४च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये मराठवाड्याला झोडपलं ती गारपीट अशाच खालच्या ओल्या नि वरच्या थंड वाऱ्याच्या गाठीतून झाली. दोन-तीन दिवस आधी जिल्ह्याचा अंदाज बांधता येतो. बाग कुणाची जाणार ते नाही. त्या दिवशी मजुरांच्या फोनवर आयआयटीएमचं दामिनी ॲप चालू ठेवा, जवळपास वीज पडत असल्याचं त्यात कळतं.