आराखडा लिहिण्याआधी वॉर्डात बस

फोंडा, गोवा

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा मसुदा दोन्ही नीट वाचले. सरकारी वृद्धाश्रमात रुजू होताच कामकाजातील नव्या उपक्रमांचा आराखडा तुझ्याकडे सोपवण्यात आला, ही तुझ्यावरच्या विश्वासाची खूण आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते. मसुद्यात सीसीटीव्ही आहे, हजेरीचे यंत्र आहे, औषधांच्या नोंदीसाठी अ‍ॅप आहे. पण आजी-आजोबांना दिवसरात्र उठवणाऱ्या, भरवणाऱ्या आणि स्वच्छ करणाऱ्या मदतनीस बायकांना काय ठाऊक आहे, हे विचारणारी एकही ओळ मला त्यात आढळली नाही.

२०११च्या जनगणनेनुसार गोव्यात साठीपुढील लोकांचे प्रमाण ११.२ टक्के होते, देशात ते ८.६ टक्के होते, आणि राज्यांमध्ये फक्त केरळ आपल्यापुढे होते. मुले आखातात किंवा इंग्लंडात आणि घरी एकटी म्हातारी आई, हे चित्र सासष्टीपासून बार्देशपर्यंत तू पाहिलेले आहेस. प्रोव्हेदोरिया या सरकारी साहाय्य संस्थेच्या वृद्धाश्रमांपासून प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत सार्वजनिक व्यवस्थेवरचा हा भार वाढतच जाणार आहे, आणि तो प्रत्यक्षात पेलणारे हात बहुतांशी बायकांचे आहेत.

मी मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका, असताना एका वॉर्डात पहाटेच्या सुमारास आज्या वारंवार पडत असत. खाटांना कठडे लावा, असा आदेश वरून आला. कठडे लागल्यावर त्या कठड्यांवरून उतरू पाहू लागल्या आणि पडणे अधिकच धोक्याचे झाले. रात्रपाळीच्या एका मदतनीस बाईने मात्र हेरले होते की पडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींना लघवी होण्याची गोळी संध्याकाळी दिली जाते, आणि हाक मारायला संकोच वाटत असल्यामुळे त्या अंधारात एकट्याच उठतात. तिने आपण होऊन झोपण्यापूर्वी आणि पुन्हा तीनच्या सुमारास प्रत्येकीला शौचालयात नेऊन आणायला सुरुवात केली आणि गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारण्याची गळ सिस्टरला घातली. डॉक्टरांनी गोळी सकाळी देण्यास सांगितले आणि पडण्याचे प्रकार झपाट्याने कमी झाले. अहवालात नोंद झाली ती अशी: ‘डॉक्टरांच्या सूचनेनुसार औषधांच्या वेळेत बदल.’ त्या बाईचे नाव त्यात कुठेच नव्हते.

याच्या उलट, दुसऱ्या एका ठिकाणी रुग्ण उचलण्याचे यंत्र बऱ्याच खर्चाने आणले गेले. त्या यंत्राचे पाय खाटेखाली सरकावे लागतात आणि तिथल्या जुन्या लोखंडी खाटांची खालची पट्टी जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर होती. खरेदीपूर्वी एका मदतनीस बाईला ते यंत्र दाखवले असते, तर तिने पाहताक्षणी ही अडचण सांगितली असती. ते कोठीत पडून राहिले, बायका पूर्वीप्रमाणेच कंबर मोडून माणसे उचलत राहिल्या, आणि तरीही त्या वर्षीचा ‘नवा उपक्रम’ म्हणून नोंदले गेले ते यंत्रच.

या दोन प्रसंगांतील फरक कल्पनेच्या गुणवत्तेचा नाही, कोणाचे काम बुद्धीचे मानले जाते याचा आहे. सेवा ही बायकांना उपजतच येते, असे आपण धरून चालतो. आणि एकदा उपजत म्हटले की प्रशिक्षण नको, पगारवाढ नको आणि श्रेयही नको. जे विकत घेता येते आणि ज्याचे उद्घाटन करता येते, ते मात्र बुद्धीचे काम ठरते. तुझ्या आराखड्याला पहिली गाठ सोडवावी लागेल ती ही.

स्वीडनमधील गोथेनबर्ग शहराने फेब्रुवारी २०१५पासून २०१६च्या अखेरपर्यंत स्वार्तेदालेन या सार्वजनिक वृद्धनिवासात केलेला प्रयोग तू अवश्य अभ्यास. तिथे सहायक परिचारिकांचा दिवस आठ तासांऐवजी सहा तासांचा केला, पगार तोच ठेवला आणि तास भरून काढण्यासाठी १७ जणांची जादा भरती केली. आजारपणाच्या रजा कमी झाल्या आणि वृद्धांबरोबरचे उपक्रम वाढले. परंतु खर्चाचे कारण देऊन प्रयोग पुढे चालवला गेला नाही. सहा तास आपल्याला परवडतील, असे माझे म्हणणे नाही. तिथे कामाची वेळ आणि कामगाराचे शरीर हाच सुधारणेचा विषय मानला गेला, हे मला मोलाचे वाटते. जादा पगाराचा आकडा हिशेबात लगेच दिसतो, झिजलेल्या मणक्यांचा आकडा कोणत्याच वहीत नसतो.

तुझ्याकडे अशी वही असावी. पडण्याचे प्रकार, अंथरुणात पडून राहिल्याने होणाऱ्या पाठीवरच्या जखमा आणि कंबरदुखीमुळे घेतलेल्या रजा तिच्यात महिन्यागणिक लिहीत जा. पाळी बदलताना सिस्टर सिस्टरला रिपोर्ट देते तेव्हा मदतनीस दाराबाहेर उभ्या असतात. त्यांना आत बसव, आणि ती पंधरा मिनिटे ड्युटीत धर, कारण फुकट मागितलेली कल्पना फार दिवस मिळत नाही. जिने सुचवले तिचे नाव लिही, मग ती कंत्राटी का असेना. पाळ्यांच्या वेळा ठरवण्याआधी कदंबच्या सरकारी बसच्या वेळा पाहा; पेडणे किंवा सत्तरीच्या आतल्या गावी परतणाऱ्या बाईला शेवटची बस चुकली, तर तुझी सगळी शिस्त तिच्या दृष्टीने जाचच ठरते.

आणखी एक विषय, ज्यावर तुझ्याशी कोणी आपणहून बोलणार नाही. स्मृतिभ्रंश झालेले काही आजोबा अंघोळ घालताना अंगचटीला येतात, आणि काही आजारी नसतानाही येतात. बायका हे गिळून टाकतात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे, आणि कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या इतर व्यक्तींपासूनही सुरक्षितता देणे ही मालकाची जबाबदारी आहे. तुमच्याकडे समिती कागदावर असेलच. तिची बैठक होते का, ते विचार. अशा आजोबांच्या अंघोळीला दोघांची जोडी लावणे आणि त्यातला एक पुरुष मदतनीस असणे, ही व्यवस्था तू लगेच करू शकतोस.

शेवटी तुझ्याबद्दल. बायकांच्या या क्षेत्रात शिरलेला शिकलेला पुरुष लवकरच टेबलापाशी ओढला जातो. बैठका, सादरीकरणे, मग बढती. तुझ्यासोबत रुजू झालेल्या मुलीला तो रस्ता इतक्या लवकर कोणी दाखवणार नाही. तेव्हा निदान पहिले वर्षभर आठवड्यातून एक रात्रपाळी वॉर्डात कर, भरवायला आणि कूस बदलायला शीक, आणि आराखडा मांडण्याची वेळ येईल तेव्हा त्यातला ज्या भागाची कल्पना जिची असेल, तो भाग तिलाच बैठकीत मांडू दे. सुधारलेला मसुदा चतुर्थीपूर्वी पाठवलास, तर मी सवडीने वाचून कळवीन.

तुझी हितचिंतक