लाईम आजारावरचा माहितीपट पाहिला; आमच्या गोठ्यातल्या गोचिडांमुळे तो होईल का?

बहुधा नाही. लाईम हा गोचीड चावल्याने होणारा जंतूंचा आजार; तो पसरवणारे गोचीड मुख्यतः अमेरिका-युरोपच्या जंगलांतले, आपल्या ढोरांवरचे वेगळे. 'अंडर अवर स्किन' (2008) या लाईमवरच्या माहितीपटातला वाद आहे तो उपचारानंतरही उरणाऱ्या त्रासाचा. रुग्ण म्हणतात जंतू अंगात राहतो. अमेरिकेतली संसर्गरोगतज्ज्ञांची संघटना ते मानत नाही, महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देऊ नका म्हणते. पुरावा तिच्या बाजूने आहे, पण त्या माणसांचं दुखणं खरंच आहे.

विदर्भात खरी काळजी स्क्रब टायफस या तापाची. 2018 मध्ये नागपूर भागात त्याने माणसं दगावली. तो गोचिडाने नव्हे, झुडपा-गवतातल्या चिगर नावाच्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो. निंदणाला जाणाऱ्या बाईला ताप आला तर काखेत, जांघेत, कमरेशी चाव्याची काळी खपली शोधा. ती दुखत नाही, म्हणून नजरेतून सुटते. वावरातल्या कामाचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, म्हणजे त्यावरचं औषध डॉक्सिसायक्लिन लवकर सुरू होईल.