रिकाम्या बंबाला जाळ

प्रश्न : आमचं गाव वाईजवळ. गावात मालिकेचं युनिट उतरलंय. आर्टवाला मुलगा पडवीतला तांब्याचा बंब, सागवानी माचा आणि बैलजोडीसकट गाडी मागतोय. महिन्याचा आकडा तोंडी सांगून गेला. सासूबाईंनाही बाजाराच्या सीनमध्ये उभं राहायला बोलावलंय, त्या कालपासून हवेतच आहेत. द्यावं का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : ताई, खुशाल द्या. मी 22 वर्षं आर्ट डिपार्टमेंटला प्रॉपर्टी, म्हणजे सेटवरच्या वस्तू सांभाळल्या, म्हणजे त्या मुलाच्याच जागी होतो. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

भाड्याआधी विचारा, वस्तू कंटिन्युटीत जाणार का, म्हणजे पुढच्या सीनमध्येही तीच तिथेच दिसायला हवी का? माचा एकदा नायिकेच्या ओसरीवर दिसला की ती ओसरी गोष्टीत आहे तोवर तो हलत नाही. महिन्याच्या बोलीवर नेलेला माचा वर्षानं मागायला जा, ‘सीन लागलाय’ हेच ऐकाल. म्हणून भाडं दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, आगाऊ. या धंद्यात बिल 90 दिवसांनी निघायची रीत आहे, त्यात तुम्ही अडकू नका.

चलानावर ‘जुनी भांडी, 1 नग’ असलं काही चालवून घेऊ नका. बंबाचं वजन, कुठे पोचा आहे ते, सगळं लिहा, फोटो काढा. डिपॉझिट नव्या बंबाच्या किमतीएवढं घ्या, मोडीच्या भावानं नाही.

आणि एक ओळ ठळक लिहा : पाणी भरल्याशिवाय जाळ घालायचा नाही. हसू नका. माझ्या आजीचा बंब मीच एका सेटवर नेला होता. पहाटेचा सीन, धूर हवा होता. मी चहाला गेलो तेवढ्यात कुणीतरी रिकाम्या बंबाच्या नळीत करवंट्या पेटवल्या. धूर झकास आला, पण डाग दिलेले सांधे वितळून सुटले. पुण्याच्या तांबट आळीत दुरुस्त करून आणला, तरी तोटीपाशी अजून पाझरतो. भरपाई कुणाकडे मागणार? चलानावर सही माझीच!

गाडी द्या, बैलांचं मात्र थांबा. शूटिंगला जनावर वापरायचं तर 2001 च्या नियमांप्रमाणे निर्मात्याला प्राणी कल्याण मंडळाची आधी परवानगी लागते. तो कागद बघितल्याशिवाय बैल सोडू नका. ‘दोन मिनिटांचा तर शॉट आहे’ म्हणतील, म्हणू द्या.

सासूबाईंना जरूर पाठवा. गावातली गर्दी कोऑर्डिनेटर जमवतो आणि आपला वाटा कापून पैसे देतो, तेव्हा आकडा ‘हातात किती’ असाच विचारा आणि पॅकअपलाच घ्या. पांढरंफेक किंवा बारीक पट्ट्यांचं लुगडं नको, कॅमेरावाले परत पाठवतात. सावलीची जागा आणि गोळ्यांची वेळ त्यांनी स्वतःच सांभाळायची, तिथे कुणी विचारत नाही. सीन अर्धा राहिला तर दुसऱ्या दिवशी तेच लुगडं, त्याच बांगड्या, हातात तीच पिशवी. पिशवीत मेथीची जुडी दिसली असेल तर तीसुद्धा. त्या रात्री भाजी दुसरी करा.